विहिरीत पडलेला पाव

उत्तर कोकणात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पोर्तुगिजांच्या अमलात पाद्री रात्री गावात आले आणि विहिरीत पाव टाकून गेले. सकाळी बायकांनी नेहमीसारखं पाणी भरलं, घरोघरी स्वयंपाक झाला, माणसं जेवली. दुपारी कुणीतरी बोभाटा केला की पाणी बाटलं. झालं, गाव ख्रिस्ती. सांगणारा हिंदू असेल तर गोष्टीत संताप असतो. वसईतला ख्रिस्ती असेल तर तो बहुधा हसत सांगतो.

इतिहास म्हणून ही गोष्ट टिकत नाही. वसई पोर्तुगिजांकडे गेली १५३४ साली आणि चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ साली. या दोनशे वर्षांत धर्मांतरं झाली ती नाना कारणांनी. सत्तेचा धाक होता, सवलतींची लालूच होती, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट मिशनऱ्यांची खटपट होती, आणि कुठे खरीखुरी श्रद्धाही होती. एका पावानं एवढं काम होत नाही. तरीही गोष्टीत एक सत्य आहे. पाव टाकणाऱ्यापेक्षा पाणी पिणाऱ्यांना वाळीत टाकणाऱ्यांनीच गावं ख्रिस्ती केली, हे ती नकळत कबूल करते. पाण्यानं माणूस बाटतो यावर साऱ्यांचा एवढा विश्वास होता की परत येण्याची वाटच उरली नाही.

पुढे याच समाजानं विहिरी वाचवण्यासाठी तहसील कचेरीवर मोर्चे नेले. त्या लढ्याची, आणि तो जिंकता जिंकता जे निसटलं त्याची ही हकिगत.

बायबलमध्ये पाणी जागोजागी आहे, पण मराठी वाचकाला सगळ्यात जवळचं वाटावं असं पाणी योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. भर दुपारी येशू याकोबाच्या विहिरीवर थकून बसला आहे. शिष्य अन्न आणायला गावात गेलेत. शोमरोनी जातीची एक बाई घागर घेऊन येते आणि हा यहुदी पुरुष तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. बाई चक्रावते. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला हात लावत नसत. परदेशी वाचकाला इथे तळटीप लागते. आपल्याला लागत नाही. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा प्रश्न हाच होता. ख्रिस्ती समाजानं हा अध्याय चर्चमध्ये पुन्हा पुन्हा ऐकला म्हणून त्याच्यातली जात गेली, असं मात्र नाही. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी या ओळखी लग्न जुळवताना अजूनही पुढे येतात.

वसईचं पाणी समजायचं तर आधी बावखल समजायला हवं. पश्चिम रेल्वेचे रूळ आणि समुद्र यांच्या मधला पट्टा म्हणजे जुनी वसई. उमेळा, पापडी, गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी अशी गावं एकमेकांना चिकटून आहेत आणि प्रत्येक गावात वाड्या. राजेळी केळी, पानवेली, सोनचाफा, मोगरा, भाज्या. टोपल्या भरून हा माल वर्षानुवर्षं पहिल्या लोकलनं दादरच्या बाजारात गेला. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि वाडीत केळी. केळीला खारं पाणी चालत नाही. मग हे जमलं कसं?

वाडीच्या सखल कोपऱ्यात खणलेल्या तळ्याला बावखल म्हणतात. ते विहिरीसारखं बांधीव नसतं, तलावाएवढं मोठंही नसतं. पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं, जमिनीत मुरतं, आणि उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी पाझरून पुन्हा त्यात येतं. काठावर रहाट असे. बैल गोल फिरे, पोहऱ्यांची माळ पाणी वर आणी आणि पाटानं ते आळ्यांत जाई. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गाळ उपसायचा आणि तोच गाळ केळीच्या बुंध्याशी घालायचा. तळं स्वच्छ झालं, झाडाला खत मिळालं. पाणी साफ ठेवणं हे पुण्यकर्म नव्हतं, शेतीचंच काम होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पुढचा सगळा बिघाड इथूनच सुरू होतो.

किनाऱ्याच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं किंचित जड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन या डच अभियंत्यानं आणि पुढे हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानं याचं गणित मांडलं. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर तिच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडंच पाणी मिळतं. हाच हिशेब उलटा वाचला की धडकी भरते. वरची पातळी एक मीटर उतरवली, तर खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू शकतं. म्हणजे किनाऱ्यावरच्या विहिरीत किती पाणी आहे यापेक्षा तिच्यातून किती उपसता यावर तिचं आयुष्य ठरतं. वाडीतल्या म्हाताऱ्यांना घायबेन ठाऊक नव्हता. बैल थकतो आणि तेवढ्यात विहीर दम घेते, एवढं त्यांना ठाऊक होतं. बैलाच्या जागी पंप आला आणि दम घेणं संपलं.

ऐंशीच्या दशकात मुंबईत न मावणारी माणसं विरार-नालासोपाऱ्याला उतरू लागली. इमारती झाल्या, नळ झाले नाहीत. मग टँकर आले. वाडीतली विहीर विकत किंवा भाड्यानं घ्यायची, मोटर लावायची आणि टँकरमागून टँकर भरायचे. विहीरवाल्याला केळीपेक्षा पाण्यातून जास्त पैसा मिळू लागला. शेजाऱ्याची विहीर मात्र आटू लागली, मग मचूळ झाली, मग खारी. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतात. एकानं विकलं की साऱ्या गावाचं गेलं. त्यात १९८८ मध्ये वसईच्या हरित पट्ट्यावरची बंधनं सैल झाली आणि पाण्यापाठोपाठ जमीनही बाजारात आली.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नाव इथे येतं. नंदाखालचा हा मुलगा धर्मगुरू झाला, १९८३ पासून 'सुवार्ता' मासिकाचा संपादक होता आणि पुढे मराठी साहित्यानं त्यांना उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिलं. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत ते लेखक होते, 'सुबोध बायबल'चे कर्ते होते. वसईच्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं तर आधी आठवतो तो हरित वसईचा फादर. हरित वसई संरक्षण समितीनं टँकरवाल्यांविरुद्ध आणि जमिनीच्या लुटीविरुद्ध जे आंदोलन उभं केलं, त्यात हजारो माणसं रस्त्यावर आली. त्यात हिंदू शेतकरीही होते. वाडीच्या बांधाला धर्म नसतो.

आंदोलन कसं घडलं याचं एक कारण फार साधं आहे आणि ते विश्वासाइतकंच व्यवस्थेत आहे. ख्रिस्ती गावात दर रविवारी सारं गाव एका छपराखाली येतं. मिस्सा संपताना सूचना वाचल्या जातात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची वर्षश्राद्धाची मिस्सा आहे आणि सोमवारी मोर्चा किती वाजता निघणार. धर्मग्रामाचं (पॅरिशचं) जाळं, महिलांचे गट, घरोघर जाणारं मासिक हे सगळं आधीपासून होतं. राजकीय पक्षांना जे उभं करायला वर्षं लागतात ते इथे चारशे वर्षांचं तयार होतं. धर्मगुरूनं राजकारणात पडावं का, हा प्रश्न तेव्हा चर्चच्या आतूनही विचारला गेला. धमक्या तर होत्याच. दिब्रिटोंची भूमिका स्पष्ट होती. माणसांचं पाणी चोरीला जात असताना वेदीवर उभं राहून फक्त स्वर्गाबद्दल बोलणं त्यांना जमणारं नव्हतं.

या लढ्याकडे नालासोपाऱ्याच्या चाळीतून पाहिलं तर चित्र थोडं बदलतं. टँकरपुढे हंडे घेऊन उभी राहणारी बाई कुणी धनदांडगी नव्हती. ती गिरणी बंद पडलेल्या कामगाराची बायको होती किंवा रत्नागिरीहून, उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातली सून होती. तिला वाडीतलं पाणी नको म्हणताना तिला पाणी कुठून मिळावं याचं उत्तर आंदोलनाकडे नव्हतं, आणि ते देणं खरं तर सरकारचं काम होतं. शोमरोनी बाईच्या विहिरीवर आपण कुठल्या बाजूला बसलोय, हे दरवेळी तितकं उघड नसतं.

टँकरचा सुळसुळाट पुढे पूर्वीसारखा राहिला नाही. उसगाव, पेल्हार, पापडखिंड आणि मग सूर्या या धरणांचं पाणी मिळू लागलं. १९९० मध्ये नियोजन सिडकोकडे गेलं, २००९ मध्ये महापालिका झाली, तिच्यात गावं असावीत की नाहीत यावर पुन्हा आंदोलनं आणि कोर्टकज्जे झाले. ती एक वेगळीच लांबण आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती.

आणि या सगळ्या काळात बावखलं बुजत गेली. ती बाहेरच्या बिल्डरनं बुजवली असं म्हणता आलं असतं तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. कित्येक बावखलं वाडीच्या मालकांनीच बुजवली. हेच लोक मोर्चात होते, रविवारी मिस्सेला असतात. त्यांना दोष देणंही अवघड आहे. एका वाडीचे चार भाऊ वाटेकरी होतात. मुलं बँकेत, विमान कंपनीत, आखातात. धाकट्याला घर बांधायचंय आणि त्याच्या वाट्याला नेमकं बावखल आलंय. रहाट कधीच मोडला, बोअरवेल आली, त्यामुळे तळ्याचं पाणी कुणाला लागत नाही. गाळ काढायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. मग त्यात केळीची पानं कुजतात, जलपर्णी चढते, शेजारच्या शौचकुपाचं पाणी झिरपतं, कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी भिरकावतं. दोन वर्षांत गोड्या पाण्याच्या तळ्याचं डासांचं डबकं होतं आणि ते बुजवावं अशी मागणी शेजारीच करतात. डंपरभर मातीनं काम होतं. विहिरीत पाव टाकावा लागत नाही.

कायदाही फारसा कामाला येत नाही. बरीच बावखलं खाजगी जमिनीत आहेत, सातबाऱ्यावर ती शेतजमिनीचाच भाग असतात. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये नियम केले, पण सिंचनासाठी माणसानं मुद्दाम बांधलेले जलसाठे त्यातून वगळले. बावखल सिंचनासाठीच खणलेलं. म्हणजे शेतकऱ्याच्या हुशारीनं जन्मलेलं तळं निसर्गानं केलेल्या डबक्यापेक्षा कायद्यात पोरकं.

जुलै २०१८ मध्ये वसईनं या बुजवण्याचा हिशेब चुकता केला. दोन-तीन दिवसांच्या पावसात वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेलं, रूळ बुडाले, लोकल थांबल्या, मिठागरांतल्या वस्तीतल्या माणसांना बाहेर काढावं लागलं. इमारतींच्या तळमजल्यांवर कित्येक दिवस पाणी होतं. मग आयआयटी आणि नीरीच्या तज्ज्ञांची समिती नेमली गेली. त्यांच्या सुचवण्यांत पावसाचं पाणी साठवून ठेवणाऱ्या धारण तलावांची कल्पनाही होती. जे गावोगाव होतं ते बुजवायचं आणि त्याचं काम करायला कोट्यवधींचं तळं आखायचं!

वसईत आता काही तरुण गट बावखलं वाचवायला धडपडतायत. ते मोजणी करतात, गाळ काढतात, शाळकरी मुलांना काठावर आणतात. त्यांच्या हाताशी एक नवा आधार आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढलं. त्यात पाण्यावर स्वतंत्र विवेचन आहे आणि भाषा धार्मिक पत्रकाला न शोभेल इतकी रोखठोक आहे. सुरक्षित पिण्याचं पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, कारण त्यावर जगणं अवलंबून आहे, आणि गरिबांना ते नाकारणं म्हणजे त्यांचा जगण्याचा हक्क नाकारणं, असा त्याचा आशय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं हाच हक्क २०१० मध्ये ठरावानं मान्य केला होता. पोपनी त्याला पापपुण्याच्या भाषेत आणलं. २०१५ पासूनच कॅथलिक चर्चमध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस झाला. त्या निमित्तानं ठिकठिकाणी झाडं लावली जातात, फोटो निघतात. मला या झाडांबद्दल तक्रार नाही. पण झाड लावायला एक सकाळ पुरते. बावखलाचा गाळ दरवर्षी काढावा लागतो, तो घाण वासाचा असतो आणि त्याचा फोटो चांगला येत नाही.

श्रद्धेनं पाणी स्वच्छ ठेवायचं असेल तर ते सणाच्या पोटात असावं लागतं, हे गोव्यात दिसतं. २४ जूनला सांजांव. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा सण, नुकताच पाऊस सुरू झालेला. पानाफुलांची कोपेलं डोक्यावर घालून पोरं गावभर फिरतात आणि विहिरींत उड्या टाकतात. योहानानं आईच्या उदरात आनंदानं उडी मारली होती, तिची ही आठवण. धर्मशास्त्र बाजूला ठेवा. ज्या विहिरीत गावची पोरं उडी मारणार ती आधी साफ करावीच लागते, कठडा बघावा लागतो, पाण्याचा वास घ्यावा लागतो. मुंबईच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन लोकांत लग्नाच्या आदल्या रात्री 'उंबराचं पाणी' आणायची रीत आहे. वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि नवरा-नवरीच्या आंघोळीला पाणी भरून आणायचं. पण मुंबईतल्या कित्येक विहिरी गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून मलेरियाच्या भीतीनं झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. मिरवणूक उरली आणि विहीर गेली. गोव्यातही आता जलतरण तलावात सांजांव होऊ लागलाय. तिथल्या पाण्याची काळजी क्लोरीन घेतं.

श्रद्धा सणातून नियमात उतरली की काय होतं, याचं उदाहरण नगर जिल्ह्यात आहे. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट १९४८ मध्ये भारतात आले आणि उमेदीची सारी वर्षं नगर भागातल्या कोरडवाहू गावांत घालवली. दुष्काळात विहिरी खणून देण्याचं काम त्यांनीही केलं. मग लक्षात आलं की विहीर खणणं म्हणजे नुसतं जास्त खोलवरून उपसणं. डोंगरावर पडलेला पाऊस डोंगरातच मुरवला नाही तर विहिरीत काय येणार? त्यातून जर्मन मदतीचा आणि नाबार्डच्या साथीचा पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था. गावानं आधी श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, मगच पैसा. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं गाजलेलं नाव. या गावांनी ख्रिस्ती व्हावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. बाखर यांच्या कामात मला ख्रिस्ती दिसतं ते हेच: अटी कडक, पण त्यात देवाची अट नाही. चराईबंदीत सगळ्यात आधी मेंढपाळाचं आणि शेळी राखणाऱ्या भूमिहीनाचं नुकसान होतं, हेही खरं. तो झगडा गावोगाव झाला आणि प्रत्येक ठिकाणी न्यायानं मिटला असं म्हणवत नाही.

वसईत आज पाण्याचा प्रश्न वेगळ्या टप्प्यावर आहे. सूर्या प्रादेशिक योजनेतून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणायचं ठरलं. त्यातलं १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. २०२३ च्या अखेरीला वसईकडे ते येऊ लागलं. हे पाणी सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं. ते धरण झालं पालघर, डहाणू, विक्रमगड भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी. तिथल्या माणसांनी पाणी शहरांकडे वळवण्याविरुद्ध आंदोलनं केली, आणि त्यांचे मुद्दे ऐकताना कुणालाही मोर्चांच्या काळातली, १९८९ ची वसई आठवेल: आमचं पाणी, तुमची शहरं, आमची कोरडी शेतं. तेव्हा वसई पाणी देणाऱ्यांत होती. आता ती घेणाऱ्यांत आहे, वाडीतला ख्रिस्ती आणि नालासोपाऱ्याची बाई एकाच नळावर. एवढ्या वर्षांत या दोघांना एकत्र आणणारी गोष्ट सापडली ती दुसऱ्याच्या नदीचं पाणी.

वसईच्या धर्मप्रांतात पर्यावरणाबद्दल बोलणारे धर्मगुरू पुष्कळ आहेत, प्रवचनंही होतात. माझी सूचना त्यांना साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या हद्दीतल्या बावखलांची आणि विहिरींची यादी करा आणि ती चर्चच्या दारात लावा. मालक कोण, पाणी गोडं की मचूळ, शेवटचा गाळ कधी काढला, आणि एखादं बुजवलं असेल तर कुठल्या वर्षी. सुरुवात चर्चच्या स्वतःच्या जमिनीपासून करा, कारण जुन्या चर्चांच्या आवारात विहिरी आहेतच. यादी वाचून काही घरांत वाद होतील, एखादा मोठा देणगीदार रुसेल. मोर्चाची वेळ जशी मिस्सेनंतर जाहीर व्हायची, तसं गाळ काढायचा दिवसही जाहीर करता येईल, आणि तो मे महिन्यातलाच असायला हवा. जून उजाडल्यावर फावडं चालत नाही.